खंडेनवमीला पाण्यातलं लोखंड

जालन्याहून समुद्र फार लांब. मी तो अजून पाहिलेला नाही. तरी यंदा पावसाळाभर आमच्या पडवीत खारं पाणी होतं. माझा मुलगा आदिनाथ सळयांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. मिठाच्या पाण्यात लोखंड गंजू नये म्हणून त्यानं एक औषध तयार केलं होतं. पडवीत बरण्या मांडल्या होत्या: अर्ध्यांत नुसतं मीठपाणी, अर्ध्यांत औषध घातलेलं, आणि प्रत्येकीत दोऱ्यानं टांगलेला सळईचा तुकडा. कोकणात बोटींचा धक्का बांधणाऱ्यांना सळया हव्या होत्या. त्याआधी कारखान्याचे साहेब तुकडे बघायला येणार होते. औषध पटलं नाही तर प्रयोगशाळा बंद, आणि आदिनाथ परत भट्टीवर. तिथल्या धुरानं एकदा त्याची छाती धरली होती.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमचे हे, रामकिसन मिस्त्री, रोलिंग मिलमध्येच म्हातारे झाले. मी केदारखेड्याहून लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते, त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पुसून, तेल-कुंकू लावून मांडायचं. विळी, नट आवळायचे पाने, सायकल, माझी शिलाई मशीनसुद्धा. पूर्वी मिलमध्ये सळया लाटणाऱ्या रोलांनाही झेंडूच्या माळा चढत, गल्लीभर पेढे वाटले जात. आता हे एकटेच करतात.

मी स्वयंपाकात होते. यांनी बरण्यांतले तुकडे काढले, गंज घासला, तेल लावलं, पूजा केली आणि मग हाताला येईल त्या बरणीत परत सोडले.

आदिनाथ कामावरून आला. पाण्यावरचा तेलाचा तवंग पाहून पायरीवर बसला. कोणता तुकडा औषधातला, ते आता कळणार नव्हतं. हे म्हणाले,

"आजच्या दिवशी लोखंड पाण्यात ठेवतेत का? अन् चमकून तर राह्यलंय. दाखव की साहेबाला."

"ते तेलानं चमकून राह्यलंय, दादा," आदिनाथ वडिलांना म्हणाला. "धक्क्याच्या पोटात शिरून दर नवमीला तेल कोण लावील? तुम्ही?"

"नेलं तर जाईन," हे म्हणाले. कुणी हसलं नाही.

आदिनाथनं साहेबांना फोन करून घडलं ते सांगितलं, पुन्हा तपासायला मुदत मागितली. साहेब आधी पोटभर हसले म्हणे. मग म्हणाले, धक्केवाले थांबणार नाहीत. सोमवारपासून भट्टीवर ये, औषधाचं घरी बघ.

त्यानं बरण्या मोरीत ओतल्या. हे शेजारी बसून तुकडे राखेनं घासू लागले.

"राहू द्या, दादा. नवे कापून आणतो."

हे घासतच राहिले.

सोमवारी निघताना मी त्याला नाकावर बांधायला ओलं फडकं दिलं. भट्टीजवळ ते किती वेळ ओलं राहतं, ते मला यांच्या काळापासून ठाऊक आहे.