गुरुवारचा फोन

एकोणीस वर्षं पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाला झोप म्हणजे काय ते विचारू नये, रडायला लागेल. रेडिओताईला कुणी विचारतही नसे. सकाळी सात ते दहा तिच्या आवाजात इतका उत्साह असे, की या बाईला रात्री झोपवत नसून चार्जिंगला लावत असावेत, अशीच लोकांची समजूत होती.

स्टेशन म्हणजे तरी काय, दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. एकीत साहेब आणि गळ्यात कायम कुठली तरी वायर अडकवून फिरणारा तारदादा. दुसरीत माईक, कॉम्प्युटर आणि श्रोत्यांचा फोन. माईकवर घंटी ऐकू जाऊ नये म्हणून फोनचा आवाज बंद केलेला. कुणी फोन केला की त्याच्यावरचा लाल दिवा तेवढा लुकलुके.

सात वीसचा दिवा घड्याळकाकांचा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून काकांनी दुकान बंद केलं; हाताची सवय सुटली, कानाची काही सुटली नाही. ताईनं वेळ सांगायचा अवकाश, की फोन. "ताई, आज नऊ सेकंद मागे आहात." ताई ते लगेच सगळ्यांना सांगे, "काकांचा फोन येऊन गेला, आपण नऊ सेकंद मागे, चला, आवरा." मग बसचे ड्रायव्हर, बेकरीवाले, पोरांना शाळेत पिटाळणाऱ्या आया, सगळे आपापली घड्याळं सारखी करत. काकांना ताईनं कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी ताई थकली. घरी कुणी आजारी नव्हतं, नवरा ठणठणीत, मुलगी परगावी सुखात. चारचौघांत सांगण्यासारखं कारण असतं तर बरं झालं असतं. नुसतीच थकली. गाणं चालू असताना ती टेबलावर डोकं टेकू लागली, आणि एकदा गाणं संपल्यावर अर्धं मिनिट काहीच वाजलं नाही. घरोघरी लोकांनी आपापले रेडिओ थोपटून पाहिले.

तेव्हा साहेबांनी तोडगा काढला. गुरुवारचं बोलणं बुधवारी दुपारीच रेकॉर्ड करायचं, कॉम्प्युटर ते गाण्यांच्या मधे बरोबर बसवतो. "एक दिवस झोप की. कुणाला कळणार आहे?"

पण सात वीसला काका नाहीत म्हटल्यावर लोक विचारणारच. म्हणून तिनं तेही रेकॉर्ड केलं. "आत्ताच काकांचा फोन येऊन गेला बरं का. आज आपण अगदी बरोबर." पहिल्या शुक्रवारी सात वाजल्यापासून ती फोनकडेच बघत होती. पण दिवा लागला, काका म्हणाले, "चार सेकंद पुढे," आणि फोन ठेवला. गुरुवारी ते रेडिओ ऐकत नसतील, असं ताईनं ठरवून टाकलं. झोपेसाठी माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतो.

असं वर्ष गेलं. मग एका गुरुवारी पावणेआठला तारदादाच्या फोननं तिला जाग आली.

"ताई, घड्याळकाका गेले. पहाटे पाचला."

ताई उठून बसली.

"घर माणसांनी भरलंय. स्वयंपाकघरातला रेडिओ आपला आपण लागतो, तो लागलाच. आणि सात वीसला तू म्हणालीस, आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. शेजारच्यांनी कळवलं. आता नुसती गाणी लावलीत मी. पण फोनचा दिवा काही थांबत नाही."

ती स्टेशनवर पोचली तेव्हा साहेब येरझाऱ्या घालत होते. "उद्या सांगून टाक, तांत्रिक बिघाड झाला, जुनं रेकॉर्डिंग लागलं."

"बिघाड कुठे झालाय साहेब? मशीन तर चोख चाललं."

"मग काय सांगणार? वर्षभर फसवलं म्हणून? उद्या माईकसमोर बसायचंय ना तुला?"

तेच तर होतं. एकोणीस वर्षांत तिनं एकच गोष्ट कमावली होती, ती बोलली की लोकांना खरं वाटे. तेच आज गेलं होतं. उद्या कुठल्या तोंडानं वेळ सांगायची? आधी त्या घरी जाऊन यायला हवं होतं. तिनं तारदादाकडून पत्ता घेतला.

दुपारी ती पोचली तोवर काकांना नेऊन सगळे परतले होते. शेजारच्यांच्या खुर्च्या अजून दारात होत्या. "मी रेडिओवरची," एवढंच ती म्हणाली, आणि खोलीतलं बोलणं थांबलं. तो आवाज प्रत्येकाच्या ओळखीचा होता.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "बसा," म्हणाल्या.

ताई बसली नाही. बसली असती तर शब्द फुटला नसता. "काकू, मी खोटं बोलले. आजच नाही, वर्षभर. गुरुवारी मी तिथे नसतेच. घरी झोपलेली असते."

"माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं, पहिल्याच गुरुवारपासून. इकडे फोन नुसता वाजतोय, कुणी उचलत नाही, आणि तिकडे तुम्ही सांगताय, येऊन गेला. मला म्हणाले, ऐक, मी फोन केला म्हणे."

"मग मला बोलले का नाहीत? शुक्रवारी बोलायचे की."

"मीही तेच म्हटलं, सुनवा त्या बाईला चार शब्द. तर म्हणे, थकलीय गं ती. आवाजात कधीपासून ऐकू येतंय."

एवढ्या मोठ्या गावात ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. ताईला तिथेच खाली बसावं लागलं. ती शिव्या खायच्या तयारीनं आली होती. शिव्या सोप्या गेल्या असत्या.

"मी नाही हं एवढ्या मोठ्या मनाची," काकू म्हणाल्या. "ते तिथं निजलेले, आणि तुम्ही रेडिओवर तसं बोलताय. सुनेनं वायर ओढून काढली. मला राग आलाय तुमचा. राहील बरेच दिवस."

"राहू दे," ताई म्हणाली.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "तरी दर गुरुवारी सात वीसला फोन लावायचेच. आपोआप बंद होईपर्यंत कानाला धरून बसायचे."

"मी नाही हे माहीत असून?"

"मी पण विचारायचे, कशाला? तर म्हणायचे, एखाद्या गुरुवारी आलेली असली, तर तिला वाटेल, आज काका विसरले."