मला काहीही चालेल

टिंडल घराण्यात कुणालाच कधी काही नको असतं. चहा घेणार का विचारलं तर "तू करतच असशील तर", आणि सुट्टीला कुठलं घर घ्यायचं विचारलं तर "मला काहीही चालेल". अशा समजूतदार माणसांसाठी आठवडाभराचं एक घर शोधता शोधता घरच्या लेकीचा, रेविनचा, अख्खा हिवाळा गेला.

ठिकाण ठरलेलं होतं, हॉट वॉटर बीच. ओहोटी लागली की वाळूत खड्डा खणायचा, खालून कढत पाणी वर येतं, त्यात शेकत बसायचं. जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, अर्धं ऑकलंड फावडी घेऊन तिथे लोटतं आणि पेटीत आंबे भरावेत तसं खड्ड्यांतून बसतं. पण आईच्या गुडघ्यांना त्या पाण्यानं उतार पडेल असं रेविनच्या मनानं घेतलं होतं.

गुडघे हे सांगायचं कारण. खरं कारण असं, की आई, म्हणजे नोलीन, तीन वर्षांत त्यांच्याबरोबर कुठे गेली नव्हती. टोटरा बेला त्यांची बॅच होती, समुद्राकाठचं सुट्टीचं घर, बाबांनी सासरच्या आणि शेजाऱ्यांच्या टाकाऊ सामानातून उभं केलेलं. बाबा गेले, छप्पर गळायला लागलं, आणि रेविन आणि तिचा भाऊ ग्लेन आईला विचारायला गेले, विकूया का? आई म्हणाली, "मला काहीही चालेल." दोघांनी ते खरं मानलं. स्वतः टिंडल असून खरं मानलं.

घेणाऱ्याला फक्त जमीन हवी होती. एका सकाळी बॅच करवतीनं मधोमध कापली, दोन ट्रकवर चढवली आणि गेली. न्यूझीलंडमध्ये घरांच्याही अशा बदल्या होत असतात, त्यामुळे कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून आईला धड झोप नव्हती. डॉक्टर म्हणाले वय. रेविनला माहीत होतं वय नाही. आईनं एक आठवडा सुखात काढावा, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यात आपलाही जीव हलका व्हावा हा स्वार्थ होता. तो ती नाकारत नव्हती.

शेवटी एका रविवारी ग्लेनकडे जेवण झाल्यावर तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. "आज ठरवल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हे बघा, बीचपासून पाच मिनिटांवर."

"चढ दिसतोय," ग्लेन म्हणाला. "म्हणजे मला चालेल. पण माझी बोट कुठे लावायची?"

"बोट शेवटची पाण्यात कधी घातलीस?"

"घातली नाही म्हणून घरी ठेवून यायची का? माणसाला बरं वाटतं बोट बरोबर असली की."

"हे दुसरं. समुद्र दिसतो."

"न्हाणीघरातून," ग्लेनची बायको फिलिपा म्हणाली. तिनं फोटो मोठा करून पाहिला होता. "तोही स्टुलावर उभं राहिलं तर. माझं काही नाही हं, मला काहीही चालतं. फक्त डिशवॉशर हवा, नाहीतर ती सुट्टी नव्हे, सक्तमजुरी. आणि ते तिसरं पांढरंशुभ्र घर नको, दात काढायला आल्यासारखं वाटेल."

रेविननं पुढची घरं दाखवली. एका घरात कुत्रा चालत नव्हता. "आपल्याकडे कुत्रा नाही," ती म्हणाली. "पण असता तर?" ग्लेन म्हणाला. तत्त्वाचा प्रश्न होता.

मग लॅपटॉप फिलिपानं स्वतःकडे ओढला, आणि थोड्या वेळानं तिचा चेहरा उजळला. "सापडलं. 'अस्सल जुनी किवी बॅच. आतलं सगळं जसंच्या तसं.' बघा तरी, एका कपाला दुसरा कप जुळत नाही. आणि हा नारिंगी ओटा! याला म्हणतात घराला स्वभाव असणं."

टोटरा बेच्या घराला हीच फिलिपा खुराडं म्हणायची. तिथेही कप जुळत नव्हते आणि ओटा नारिंगी होता. पण त्या काळी सगळ्याच बॅचमध्ये तसलेच कप आणि तसलाच ओटा असायचा. फोटोतल्या या बॅचला बाहेरून फॅशनेबल काळा रंग होता, पुढे लांबरुंद लाकडी डेक होता, बोटीला जागा होती आणि डिशवॉशर होता. रेविननं लॅपटॉप आईकडे फिरवला. नोलीननं चष्मा वर केला, खाली केला, आणि बराच वेळ बघत राहिली.

"इथे झोप लागेल मला," ती म्हणाली.

टिंडल माणसानं मत दिलं होतं. आई ते मागे घ्यायच्या आत रेविननं घर बुक केलं.

जानेवारीत ती मंडळी पोचली तेव्हा ओहोटी लागायला अवकाश होता, तरी ग्लेन आपल्या पोरांना आणि फावड्यांना घेऊन परस्पर बीचवर गेला, खड्ड्याची जागा धरायला. बायका आत शिरल्या. पडदे ओढलेले, आत अंधार. फिलिपा भिंती चाचपत होती. "इथे दिवे आहेत की तेही जुन्या पद्धतीचे? बटण कुठंय?"

नोलीन तिच्या मागून आली. थांबली नाही, बघितलं नाही. फ्रीजशेजारचं कपांचं कपाट उघडलं, कपांच्या मागे हात घातला, आणि दिवा लागला.

रेविननं कप बाजूला सारून ते बटण पाहिलं. शहाणा माणूस दिव्याचं बटण कपाटात बसवत नाही. तिच्या बाबांनी बसवलं होतं, कारण त्यांची वायर तिथेच संपली होती.

तेवढ्यात ग्लेन टॉवेल न्यायला परत आला आणि वाळूनं भरलेल्या पायांनी थेट स्वयंपाकघरात शिरला. समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, फळीचा एक तुकडा लावला होता. त्यावर निळ्या रंगात वाकडंतिकडं लिहिलेलं: पाय धुऊन आत या. ग्लेन, तुलासुद्धा सांगतोय. खाली पितळी पट्टी होती: मूळ लोककला, कलाकार अज्ञात.

ग्लेननं ते वाचलं. पुन्हा वाचलं. पन्नाशीला आलेला तो बाप्या बाहेर गेला, आणि नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"वाळू गेली," तो म्हणाला.

"म्हणजे हे ते..." फिलिपानं शब्द गिळला.

"खुराडं, हो," नोलीन शांतपणे म्हणाली. "डिशवॉशर बसवलाय आता."

"आई, तू फोटोतच ओळखलं होतंस?" रेविननं विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर फिलिपाला आवडलं नसतं."

समुद्राच्या बाजूच्या मोठ्या खोलीत फिलिपानं शिरल्या शिरल्या आपली बॅग ठेवून हक्क सांगितला होता. तीच आता ती बॅग उचलून मागच्या खोलीत गेली. जरा टेकते, असं म्हणून नोलीन मोठ्या खोलीत आडवी झाली.

ओहोटी लागली. ग्लेन दारात फावडं घेऊन उभा. "उठवू का? पाणी ऐन गरम असेल आता."

"हात तर लावून बघ तिला," रेविन म्हणाली.

समुद्र ज्या वेळी आत गेला होता त्या वेळी नोलीन घोरत होती, आणि तो खड्डे बुजवत परत आला तेव्हाही घोरतच होती. रेविन डेकच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. आई गुडघ्यांसह त्या पाण्याकडे आठवडाभर फिरकलीच नाही.

निघायच्या दिवशी पोरांनी चादरी काढल्या, ग्लेननं कचरा बाहेर नेला आणि नोलीननं तो नारिंगी ओटा, आधीच स्वच्छ असलेला, पुन्हा पुसायला घेतला. मालकानं फोनवर अभिप्राय मागितला होता.

"पाच तारे देते," फिलिपा म्हणाली. "खाली काय लिहू?"

"काहीही चालेल," ग्लेन म्हणाला.

"काहीही," रेविन म्हणाली.

नोलीननं फडकं पिळलं. "माझ्या नावानं लिही. घर छान आहे, झोप लागते. आणि मालकाला म्हणावं, तुमची मुलं उद्या येऊन विचारतील, विकूया का. तेव्हा काहीही चालेल असं म्हणू नका."

फिलिपानं ते जसंच्या तसं लिहिलं. या वेळी कुणालाच त्यात काही बदल सुचवायचा नव्हता.