प्रयागबाईंची माकडं

महाळुंग्यात आमच्या गल्लीला माकडांचा भारी ताप. त्यांना शिव्या द्यायचं काम आम्हा सगळ्यांचं आणि भाकरी घालायचं काम एकट्या हौशीरामांचं. पोटी लेकरू नव्हतं, म्हणून रोज सकाळी पत्र्याकडं बघून "या रं लेकरांनू" अशी हाक मारायचे. मग ही लेकरं आमच्या वाळवणात लोळायची, टाक्यांची झाकणं फेकायची, डिशच्या छत्रीवर झोके घ्यायची. भांडायला गेलं की हौशीराम नुसतं हसायचे.

ते गेले. दहाव्याला घाटावर कावळा काही पिंडाला शिवेना. भावकीनं नाना शब्द दिले, शेत सांभाळू, बायकोला अंतर देणार नाही. कावळा आपला झाडावरच. शेवटी त्यांची बायको, प्रयागबाई, हात जोडून म्हणाल्या, "तुमच्या माकडांना मी अंतर देनार न्हाई." तेव्हा कुठं कावळा शिवला.

त्या दिवसापासून हौशीरामांची हाक प्रयागबाई मारू लागल्या. वर्ष सरत आलं आणि बिस्किटाचा पुडा ओढताना एका माकडानं माझ्या समृद्धीचा हात फाडला. टाके पडले. माझं डोकंच फिरलं. मी गल्ली गोळा केली, माकडं पकडणारे बोलावले. त्याचं मला आजही काही वाटत नाही. लेकरू माझं होतं. पण माकडं बाराची. पिंजऱ्यातल्या शेंगदाण्यांकडं ढुंकून बघेनात.

मग प्रयागबाई आमच्या घरी आल्या. समृद्धीच्या पट्टीवरून हात फिरवला आणि तशाच पिंजऱ्याशी गेल्या. आत भाकरी ठेवून त्यांनी हाक मारली, "या रं लेकरांनू." सगळी उतरली, पोटाशी धरलेल्या पिलांसकट. दार पडल्यावर एका माकडिणीनं गजातून हात काढून त्यांचा पदर धरला. तो सोडवताना प्रयागबाईंना रडू आवरेना, आणि मलाही ते बघवलं नाही.

महिन्याभरानं वर्षश्राद्ध आलं. कावळ्याचं पान पत्र्यावर ठेवलं. आपण शब्द मोडला, आता ते काही घास घ्यायचे नाहीत, असं प्रयागबाई सकाळपासून सांगत होत्या. समजूत कशी काढायची, तेही त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

कावळा लगेच आला. येणारच, पानावर झडप घालायला आता होतं कोण? भावकीचा जीव भांड्यात पडला, पंगत बसली.

प्रयागबाई एकट्याच रिकाम्या पत्र्याकडं बघत उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "निदान रुसायचं तरी व्हतं गं त्यांनी."