नांगराच्या वळणाची गोधडी

शहापूरच्या तुलारामनं उभ्या जन्मात सुई धरली होती ती फक्त तळपायातला काटा काढायला. पण सत्याहत्तर सालच्या पुसाच्या महिन्यात, धान घरात आल्यावर, तो ओसरीत मांडी घालून गोधडी शिवायला बसला.

लेक चंद्रकला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाला बाळाच्या अंगाखाली माहेरची गोधडी घालायची, आणि ती घरच्याच हातची पाहिजे, अशी तिथली रीत. तुलारामची बायको रुखमा जाऊन दोन वर्षं झाली होती. "विकतची आणू, बाबा," लेक म्हणाली खरी, पण म्हणताना तिनं मान फिरवली. ती फिरलेली मान बापाच्या काळजात रुतली.

तो लाखनीला गेला आणि गुलाबी फुलांचं चकचकीत नायलॉन घेऊन आला. शेजारच्या सत्यभामावहिनीनं ते दोन बोटांत उचललं, जसं कुणी मेलेलं पाखरू उचलावं.

"भाऊजी, हे कायले आणलं? लेकराले घाम फुटंल ना! अन् सुई तर यावरून घसरगुंडी खेळंल."

"नवं आहे, वहिनी."

"नवंच तर नको. धुऊन धुऊन मऊ झालेलं पायजे. पेटी उघडा."

पेटी त्यानं दोन वर्षांत उघडली नव्हती. वर रुखमाचं हिरवं लुगडं होतं, पदराकडून विरलेलं, काठाला चिखलाचा न गेलेला डाग. कात्री धरलेला त्याचा हात थांबला. मग त्यानं ते लुगडं गालाला लावून पाहिलं. नातवाच्या गालाला हेच लागणार, एवढं मनात आलं आणि कात्री चालली. आतल्या थरांना त्याची स्वतःची जुनी धोतरं, कडेला चंद्रकलेच्या शाळेतल्या झग्याची निळी पट्टी.

"तुमीच शिवतो म्हणता, तर शिवा," वहिनी म्हणाली. "पण गावाले काय सांगसाल?"

"तुमीच शिवली म्हणून सांगा. पारावरचे लोक मले जगू देणार नाहीत."

"बरं बाई," ती हसली.

आठ दिवस तो एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे सरळ ओळी घालत गेला. बांधीत धानाची रोपं लावताना रोवणा चालतो तशा, एकीखाली एक. नवव्या दिवशी पाहतो तर आतली धोतरं सरकत सरकत खालच्या कडेला गोळा झालेली, गोधडी अर्धी सपाट आणि अर्धी उशी. त्यानं ती कोपऱ्यात फेकली आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनी आली आणि पोट धरून हसली.

"काय करून राहिले भाऊजी? गोधडीत रोवणा लावला!"

"मले नाही जमत. विकतची आणतो."

"रोवणा आमचा, बायकांचा. तुमी नांगर कसा चालवता?"

"धुऱ्याधुऱ्यानं, कडेकडेनं. चारी बाजूंनी फिरत फिरत मधात."

"मंग?"

तुलारामनं कोपऱ्यातल्या गोधडीकडे पाहिलं. मग उठला आणि एकेक टाका उसवू लागला.

आता सुई काठानं निघाली, कोपऱ्याला वळली, पुन्हा काठानं. बैलांना वळवताना जीभ टाळूला लावून तो आवाज काढायचा, तसा कोपऱ्यावर आपोआप निघायचा. बोटं भोकं पडून चाळण झाली. बाळाच्या पाठीला टोचू नये म्हणून दोऱ्याची प्रत्येक गाठ तो आतल्या थरात लपवायचा. कंटाळा आला की वहिनीनं सांगितल्याप्रमाणे ओळी मोजायच्या नाहीत. एका दोऱ्याला एक ओवी म्हणायची. दळताना रुखमा म्हणायची त्या त्याला नीटशा आठवेनात, म्हणून त्यानं स्वतःचीच जुळवली.

*हिरव्या लुगड्याची, सावली अंगावर*
*आजी नाही घरी, हात तिचा बाळावर*

आत खाटेवर पडलेली चंद्रकला ती ऐकायची.

बाळ झालं, मुलगी झाली. बाराव्या दिवशी मांडव माणसांनी भरला. आंधळगावची विहीण शकुनबाई चौकस बाई. तिनं गोधडी उचलली, टाक्यांवरून अंगठा फिरवला, कोपऱ्यावर अंगठा थांबला तिथं डोळे बारीक केले.

"आमच्याकडे असे टाके कोणी घालत नाही. कोणाच्या हातची?"

सत्यभामावहिनीनं ठरल्याप्रमाणे पदर सावरला, तोंड उघडलं.

"मी शिवली," तुलाराम म्हणाला.

मागून पारावरचा कवडू खिंकाळला. "अरे तुलाराम, बांगड्या भरल्या का रे?" चारदोन जण हसले. तुलारामचे कान तापले, पण मान खाली गेली नाही. त्यानं पुढे होऊन विहिणीच्या हातातली गोधडी घेतली, सगळ्या मांडवादेखत झटकून उलटी केली आणि खाटेवर पसरली.

"वरून तर सगळेच पाहतात, विहीणबाई. आता इकडून पाहा. एक गाठ सापडली तर सांगा."

शकुनबाई खरंच वाकली आणि गाठ शोधू लागली. चंद्रकला बाळाला छातीशी धरून बापाकडे पाहत राहिली.