वाजवून घेतलेल्या फळ्या

कारखान्यात परांची बांधायची तर प्रत्येक फळी आधी मुकादमाच्या हातोडीखालून जायची. हातोडी मारली की चांगलं लाकूड खणखणीत वाजतं आणि आतून कुजलेलं बद्द, मग वरून ते कितीही देखणं असू दे. मुकादम ठोकायचा, मान हलवायचा आणि खडूने रेघ ओढायचा. रेघ दिसली की माणसं बिनघोर चढायची.

पण हिवाळ्यापासून मुकादमाला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. कारखान्याच्या गोंगाटात सगळेच ओरडून बोलणार, तिथे कोणाला कळतंय! बायको डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली, तर हा तिच्यावरच खेकसायचा, की तूच पुटपुटतेस. झाकली मूठ सव्वा लाखाची. फळीला चीर नाही ना एवढं डोळ्यांनी बघायचं, ऐकल्यासारखी मान हलवायची आणि रेघ ओढायची. काम जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी होती ती ऐट. मेली ऐट!

त्या दिवशी टाकीच्या परांचीवर चढणारा वेल्डर म्हणजे त्याचा जावई. मुकादमाने फळी ठोकली. पुन्हा ठोकली, तळहात टेकवून पाहिला. हाताला काय कळणार, कपाळ! इतके दिवस दुसऱ्यांची पोरं चढत होती तेव्हा गडी ढाराढूर झोपत होता. आपला तो बाब्या म्हणतात ते उगीच नाही. जावयाने शिडीवर पाय ठेवला, तशी लेक डोळ्यांसमोर उभी राहिली.

"जावईबापू, पाय खाली घ्या. मला ऐकू येत नाही."

जावयाला आधी थट्टाच वाटली. मग सासऱ्याचा चेहरा बघून तो उतरला. त्याने बोलावून आणलेल्या साहेबाने मुकादमाच्या कानाशी येऊन विचारलं, कधीपासून. मुकादमाने खरं ते सांगितलं, तसं साहेबाने वर पाहिलं. चिमणीला, छपराखाली, जिकडे तिकडे परांच्या होत्या आणि सगळ्यांवर माणसं होती. त्यांच्या पायाखालच्या फळ्यांवर मुकादमाचीच रेघ होती.

भोंगा झाला. माणसं एकेक करून, जपून पाय टाकत उतरली. शेवटचा जमिनीला लागेपर्यंत मुकादम मान वर करून उभा होता. कारण कळल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले. त्याला नुसती हलणारी तोंडं दिसत होती. त्याने जावयाकडे पाहिलं.

जावई कानाशी ओरडला, "मामा, शिव्या देतायत!"

"देऊ देत," मुकादम म्हणाला. "खाली उतरून देतायत ना."