चार दिवस गॅरेजमध्ये ठेवलेली टर्की

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या जेवणाला ग्वेन अकरा वर्षं फक्त पाव घेऊन जात होती. "तू पाव आण, बास," नणंद आर्डिस दर नोव्हेंबरात फोनवर सांगायची. त्या 'बास'चा अर्थ सगळ्या घराला कळायचा.

अकरा वर्षांपूर्वी सणाची टर्की, कोंबडीपेक्षा कितीतरी मोठा तो पक्षी, ग्वेनने भाजली होती. गोठवलेली विकत आणली आर्डिसने, चार दिवस वितळायला ठेवली आर्डिसने, आणि बुधवारी गार पिशवीत घालून ग्वेनकडे पोचवली तीही आर्डिसनेच. जेवणानंतर सातजणांना उलट्या झाल्या. सासूबाई नऊ दिवस इस्पितळात होत्या. "माझ्या फ्रिजमधून थेट गेली ती," आर्डिस सगळ्यांना सांगत सुटली. "ग्वेनने ओट्यावर ठेवली असणार उघडी." गाव लहान. महिन्याभरात शाळेच्या स्वयंपाकघरातून ग्वेनला भांडी धुण्याच्या खोलीत पाठवलं. वीस वर्षं त्या शाळेतल्या पोरांना तिने जेवू घातलं होतं. सासूबाई पुढे तिच्या हातचं कधी जेवल्या नाहीत. शेवटच्या आजारातही तिने नेलेलं सूप त्यांनी बोटांनी बाजूला सारलं.

पुढच्या उन्हाळ्यात आर्डिसची लेक किर्स्टन, तेव्हा तेरा वर्षांची, बोलता बोलता म्हणून गेली, "आमच्याकडे टर्की गॅरेजमध्येच असते, हीटरपाशी. फ्रिजमध्ये पाय ठेवायचे असतात ना." पाय म्हणजे भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला सणाचा पदार्थ. ग्वेनने ते नवऱ्याला, रॉल्फला सांगितलं. आर्डिस त्याची सख्खी बहीण. "पोरीचं काय ऐकतेस," तो म्हणाला. "सोडून दे."

ग्वेनने सोडलं नाही. फक्त बोलायचं थांबवलं.

यंदा किर्स्टनचं लग्न ठरलं होतं आणि मुलाकडचे लोक जेवायला येणार होते. रविवारी ग्वेन घडीच्या खुर्च्या पोचवायला आर्डिसकडे गेली. गॅरेजचं दार उघडलं तर आत उबदार हवा. हीटर चालू होता आणि कामाच्या टेबलावर, एका टबात, सोळा पौंडांची टर्की.

"काही म्हणायचंय का तुला?" मागून आर्डिसने विचारलं.

"नाही. पाव किती आणू?"

"दोन डझन. आणि विकतचे चालतील हं, उगाच त्रास नको घेऊस."

घरी येताना ग्वेनने तेवढ्याच वजनाची गोठवलेली टर्की विकत घेतली. ती खोलगट ताटात ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवली. रॉल्फने विचारलं तेव्हा "पाहुणे आहेत, एक जास्तीची असू दे," एवढंच म्हणाली. फ्रिजमध्ये वितळायला चार पौंडाला एक दिवस, सोळाला चार. गुरुवारी सकाळी बरोबर तयार. पाहुण्यांच्या पोटात त्या गॅरेजमधल्या पक्ष्याचा एक घासही जाऊ द्यायचा नाही, हे तिने ठरवलं होतं. पण आर्डिसला आत्ता सांगायचं नाही, हेही ठरवलं होतं. आत्ता सांगितलं असतं तर आर्डिस गुपचूप दुसरी टर्की घेऊन आली असती, आणि ग्वेनच्या वाट्याला पुन्हा दोन डझन पाव.

बुधवारी खुर्च्या मोजायच्या निमित्ताने ती परत गेली. टर्कीच्या मांडीत तापमापक खुपसला. एकसष्ट अंश फॅरनहाइट. चाळीसच्या वर जाता कामा नये, हे शाळेत तिने नव्या बायकांना शंभरदा सांगितलं होतं. टर्की, हीटर आणि तो आकडा दिसेल असा तिने फोनवर फोटो काढला. 

गुरुवारी दुपारी टेबल भरलं. मुलाची आई, मिसेस हाल्वर्सन, आर्डिसच्या उजव्या हाताला. आर्डिसने सोनेरी भाजलेली टर्की आणून ठेवली. सगळे वा वा म्हणाले. रॉल्फने सुरी उचलली.

"रॉल्फ, सुरी खाली ठेव," ग्वेन म्हणाली. "कोणी खाऊ नका. ही चार दिवस हीटरपाशी पडली होती."

तिने फोन मिसेस हाल्वर्सनच्या हातात दिला. त्यांनी बघितला आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

आर्डिस लाल झाली. "तू रविवारी बघितलंस. रविवारी. आणि आज बोलतेस? या लोकांसमोर?"

"माझ्या वेळी तू सगळ्या गावासमोर बोललीस. मी तर या टेबलापुरतंच बोलले."

"भाजल्यावर काही होत नाही."

"सातजणांना झालं होतं. ती पण गॅरेजमध्येच होती ना, आर्डिस?"

किर्स्टन मधेच म्हणाली, "होती. आई, होती ना."

आर्डिस खुर्चीत बसली. रुमालाची घडी केली. "हो," ती म्हणाली. "आई नळ्या लावून पडली होती. माझ्यामुळे झालं हे तिला कळू द्यायचं नव्हतं मला."

"म्हणून माझं नाव घेतलंस."

"हो."

ग्वेन उठली, गाडीतून जाड टॉवेलांत गुंडाळलेली, घरी भाजलेली आपली टर्की घेऊन आली. वाफ अजून होती. तिने स्वतः कापली, स्वतः वाढली. आर्डिसच्या ताटात तिने दोन मोठे तुकडे ठेवले आणि बाजूला उभी राहिली.

"खा."

आर्डिसने पहिला घास घेतला. ग्वेनने तो गिळला जाईपर्यंत पाहिलं, मग दुसराही. किती गोड वाटलं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं, आणि सांगायचंही नव्हतं.

ती कोट घालून बाहेर पडली, आणि रॉल्फ तिच्या मागून अंगणात आला. "मला सांगायचं होतंस, ग्वेन. मी काहीतरी केलं असतं."

ती वळली. इतका वेळ सगळा राग आर्डिसवर आहे असं तिला वाटत होतं.

"सांगितलं होतं, दहा वर्षांपूर्वी. सोडून दे म्हणालास."

त्याला आठवलं. तोंडावर दिसलं तिला ते.

"तुला घरी सोडायला तुझ्या बहिणीला सांग," ती म्हणाली, आणि गाडीत बसली. आरशात तो बिनकोटाचा, हात खिशात घालून थंडीत उभा दिसला. तिने गाडी वळवली, गावाच्या रस्त्याला लावली आणि कितीतरी वर्षांनी रेडिओ मोठा केला.