बाटलीवरचं तोंड

आणीबाणी उठली त्या साली पोलादपुरात मुरारीएवढा थापाड्या दुसरा नव्हता. महाडची गाडी गच्च भरली की हा दारात उभा राहून गंभीर तोंडानं सांगायचा, "पुढं दरड पडलीय, गाडी जायची नाय." निम्मे लोक उतरायचे. मग मुरारी खिडकीची जागा धरून ऐसपैस बसायचा आणि गाडी सुटली की उतरलेल्यांना हात करायचा.

धंदा त्याचा निरगुडीच्या तेलाचा. गुडघ्याला चोळायचं तेल. ते काढायची रीत बापाची, चांगूची, आणि बाटलीवर फोटोही चांगूचाच, पागोटं घातलेला. चांगू जाऊन दोन वर्षं झाली होती, पण मुरारीनं लेबल बदललं नव्हतं. बापाच्या तोंडाकडे बघून बायका तेल घ्यायच्या, मग आपलं तोंड मधे कशाला घाला? डोंगरातल्या वाड्यांना तर बाप मेल्याचंही त्यानं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं की ठोकून द्यायचा, "मुंबैला बहिणीकडं गेलाय. मजेत हाय."

एकदा तो पिशवी खांद्याला लावून कुडपणला चढला. ठमाबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. चांगूच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"काय रे मुरारी, लाज नाय वाटत? तू आपला मनाला येईल तवा येतोस, नि म्हाताऱ्याला घाट चढाया लावतोस."

"कंच्या म्हाताऱ्याला?"

"तुझ्या बापसाला. तुझी मागली बाटली करपलेली. त्यो आला, बदलून दिली, गुडघा चोळून गेला."

मुरारीला हसू फुटलं. आपली फिरकी घेणारं कुणीतरी डोंगरात निपजलं, याचा त्याला आनंदच झाला. "बरा आठवला तुला. नि काय नेसला व्हता गो बापूस?"

"धोतर. अंगात निळा सुटर, तुझाच दिसत व्हता. कोपरावर ठिगळ."

मुरारीचं हसू तिथंच थांबलं. शेवटल्या दिवशी म्हातारा गारठला होता म्हणून त्यानं आपला स्वेटर त्याला घातला होता, आणि तसाच सरणावर ठेवला होता. ठमाबाई कधी डोंगर उतरलेली नव्हती.

"पानी दिलं, घेत नाय," ठमाबाई सांगत होती. "बस म्हटलं, बसत नाय. म्हनतो, बाटलीवर तोंड माझं हाय, कुनाचं दुखलं की मलाच हाक बसते. लई दमलाय रे. पाय बघवत नायत त्याचे."

आता बाप मेलाय म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार? मुरारीनं बाटली पुढं केली. ठमाबाईनं ती हातातसुद्धा घेतली नाही. "तुझ्याकडून नको. त्याला आराम दे आधी, मग बघू." शेजारच्या मैनानंही तेच सांगितलं. त्या दिवशी कुडपणात एक बाटली खपली नाही. उतरताना वाटेवर कुणी खोकलं की मुरारी थांबायचा. कुणी नसायचं.

दुसऱ्या दिवशी तो महाडला बाजारपेठेत कुशाबा फोटोवाल्याच्या स्टुडिओत जाऊन बसला.

"लेबलावर छापायला फोटू पायजे. निस्तं तोंड."

कुशाबानं दिवे लावले, पडदा सरळ केला, काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. "मुरारीशेट, हा फोटो बघून माणसं आधी खिसा चाचपतील."

"मंग हसू नको?"

"हसा की. पण तुम्ही हसताय ते टोपी घालायला निघाल्यासारखं. विकत घेणारा माल नंतर बघतो, आधी डोळे बघतो. हा माणूस उद्या सापडेल का, एवढंच त्याला कळायला हवं."

मुरारीनं मान इकडं केली, तिकडं केली, मिशी दाबून बसवली. प्रत्येक वेळी कुशाबा नुसती मान हलवायचा.

"असं करा," तो शेवटी म्हणाला, "कॅमेऱ्याच्या काचेत बघूच नका. कुणीतरी दुखणाईत घाट चढून तुमच्याकडं येतंय असं समजा."

मुरारीला समजावं लागलं नाही. काचेच्या जागी त्याला कुडपणची वाट दिसली. निळा स्वेटर. दर वळणावर गुडघ्यावर हात ठेवून उभा राहणारा बाप. मुरारीच्या तोंडावरचं सगळं सोंग गळून पडलं.

खटका वाजला. "हा तुमचा फोटो," कुशाबा म्हणाला.

छापखान्यातून नवी लेबलं आली. मुरारीनं सगळ्या बाटल्या भिजवून बापाचे कागद खरवडून काढले, आपले चिकटवले आणि कुडपण गाठलं. ठमाबाईनं लेबलावर बोट फिरवलं, एकदा कागदाकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

"ह्योच फोटू."

"तू कुठं बघितलास?"

"म्हाताऱ्यानं दावला की, परवा. तेलाबिगर आलेला. पयल्यांदा बसला, तांब्याभर पानी प्याला. म्हनला, आता ह्या तोंडाला धरा, माझं काम सरलं."

मुरारी पडवीच्या खांबाला टेकला. मग त्यानं सांगून टाकलं. "ठमाबाय, त्यो मुंबैला नाय. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. मीच थाप मारली व्हती."

ठमाबाईनं अंगणाच्या कडेला, वाट उतरते तिकडं बघितलं. मग आत गेली आणि दोन रिकाम्या बाटल्या घेऊन आली.

"ह्या भरून दे. आनि मैनाला बोलाव, तिलाबी पायजे. आता येशील ना रे नेमानं?"

येईन, असं मुरारीच्या जिभेवर आलं होतं. पण हातातल्या बाटलीवरनं त्याचं स्वतःचं तोंड त्याच्याकडे रोखून बघत होतं, आणि घरी फळीवर लेबलांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते. तेव्हा त्यानं शब्द जपून टाकला.

"येईन. जिता हाय तवर."

"व्हय," ठमाबाई बाटलीचं बूच दाबत म्हणाली, "तुझा बापूसबी असंच म्हनायचा."